अपारगम्य ग्रॅफाइट

छिद्रे रेझिनने बुजवलेला कृत्रिम ग्रॅफाइट. उष्णता झरझर वाहून नेणारा आणि तरीही बहुतेक आम्लांत न विरघळणारा असा हा पदार्थ रासायनिक कारखान्यांत धातूची जागा घेतो.

संरचना : कार्बनचे अणू षट्कोनी जाळीच्या थरांत बसलेले असतात. थरातील शेजारच्या दोन अणूंमधील अंतर ०.१४२ नॅनोमीटर, तर दोन थरांमधील सुमारे ०.३३५ नॅनोमीटर. थरातील बंध बळकट व थराथरांतील ओढ क्षीण, म्हणून ग्रॅफाइट मऊ असतो आणि थराच्या दिशेने उष्णता व वीज उत्तम वाहतो.

निर्मिती : पेट्रोलियम कोकची पूड कोलटार पिचमध्ये मळून ठोकळे वा नळ्या घडवतात. भट्टीत सुमारे ८०० ते १,००० °से.ला भाजताना पिचमधील बाष्पशील भाग निघून जातो व मागे छिद्रे उरतात. पुढे विजेच्या भट्टीत २,५०० °से.च्या वर तापवल्यावर विस्कळीत कार्बन थरांत रचला जातो (एडवर्ड ॲचिसन यांचे पेटंट, १८९६). छिद्रे मात्र राहतातच. ती बुजवण्यासाठी निर्वात पात्रात हवा काढून, दाबाखाली फिनॉलिक रेझिन आत शिरवतात आणि उष्णतेने ते पक्के करतात. मालाचा कस या टप्प्यावर ठरतो. रेझिन गाभ्यापर्यंत पोचले नाही तर उत्तम ग्रॅफाइटही गळतो.

गुणधर्म : उष्णतावाहकता स्टेनलेस पोलादाच्या कित्येक पट. हायड्रोक्लोरिक आम्ल कोणत्याही संहतीचे, उकळते असले तरी चालते. संहत नायट्रिक आम्ल चालत नाही. तीव्र अल्कलीने फिनॉलिक रेझिन खराब होते. वापराची तापमानमर्यादा ग्रॅफाइट नव्हे, रेझिन ठरवते. ती उत्पादकागणिक बदलते, साधारणतः १७० ते २०० °से. दाब चांगला सोसतो, ताण व आघात सोसत नाही. म्हणून ठोकळे पोलादी कवचात स्प्रिंगांनी दाबून बसवतात.

उपयोग : उष्णता विनिमयक, फॉस्फोरिक आम्लाचे संहतीकरण, हायड्रोजन क्लोरीनमध्ये जाळून हायड्रोक्लोरिक आम्ल बनवण्याचे कक्ष.

महाराष्ट्रात : ग्रॅफाइट इंडिया कंपनीचा इलेक्ट्रोडचा कारखाना नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत, तर अपारगम्य ग्रॅफाइटच्या उपकरणांचा अंबडला आहे.

देखभाल : उपकरण हाताळताना आपटू नये, तडा गेलेला ठोकळा बदलावा.