‘गोइंग टू’ : एका वाटसरू क्रियापदाचा इतिहास

इंग्रजी शिकू लागलेल्या मराठी विद्यार्थ्याला ‘गोइंग टू’ हा शब्दसमूह फार लवकर भेटतो. ‘इट इज गोइंग टू रेन’ म्हणजे ‘पाऊस पडणार आहे’ एवढे पाठ करून तो पुढच्या धड्याकडे वळतो. एखादा चौकस विद्यार्थी मात्र थांबतो आणि विचारतो, की या वाक्यात जाण्याचा काय संबंध? पाऊस कोठे जातो आहे? ‘तसा प्रघात आहे’ असे सांगून त्याची बोळवण करण्याचे पाप आम्हीही केलेले आहे. वास्तविक या प्रश्नाच्या उत्तरात सुमारे पाचशे वर्षांचा इतिहास दडलेला आहे. तो ठाऊक नसेल तर जुने इंग्रजी वाङ्मय वाचताना आणि नवे इंग्रजी मराठीत आणताना आपण सारखेच फसतो.

आरंभी हा शब्दसमूह शब्दशः चालत होता. कोणीतरी वाटेला लागले आहे आणि त्या जाण्यामागे काही हेतू आहे, एवढाच त्याचा अर्थ. शेक्सपिअरच्या ‘द मेरी वाइव्ज ऑफ विंडसर’ या नाटकात सरायवाल्याला निरोप मिळतो, की जर्मन पाहुण्यांना त्याचे तीन घोडे हवे आहेत. उद्या ड्यूक दरबारी येणार असून ते त्याच्या भेटीस जात आहेत. येथे ‘गोइंग टू’ आले आहे. आजचा वाचक ते सहज ‘भेटणार आहेत’ असे वाचतो. पण मग घोडे कशाला हवेत? वाक्यातले घोडेच सांगतात, की येथे खरोखर रस्ता तुडवायचा आहे. भविष्यकाळासाठी शेक्सपिअर मुख्यत्वे ‘विल’ आणि ‘शॅल’ यांवरच विसंबतो.

ही दोन रूपेही मुळात भविष्यवाचक नव्हती. ‘विल’चा मूळ अर्थ इच्छा असणे, तर ‘शॅल’चा देणे लागणे. जर्मन भाषेत कर्ज आणि अपराध या दोहोंसाठी असलेला ‘शुल्ड’ हा शब्द त्याच कुळातला. म्हणजे ज्याची इच्छा आहे किंवा जे ऋण फेडायचे आहे, ते उद्याचे. अशा वाटेने इंग्रजीने आपला भविष्यकाळ घडवला. जाण्याची वाट त्यात पुढे मिळाली.

ती केव्हा मिळाली? 1482 च्या सुमारास छापल्या गेलेल्या, आइन्शॅमच्या एका मठवासी साधूच्या दृष्टांतकथेत एक वाक्य आहे. एका पापी जीवाला त्याचे वैरी नरकाकडे घेऊन चालले आहेत, असे ते दृश्य. तो जीव वाटेवर आहे, हे खरेच. पण जाणे त्याच्या इच्छेने होत नाही, आणि वाक्याचा सारा भार आता त्याचे काय होणार यावर आहे. जाणे आणि होणार असणे हे दोन्ही अर्थ येथे एकाच शब्दसमूहात मावतात. भाषेतला बदल बहुधा अशा दुहेरी जागीच घडतो. बोलणारा एक अर्थ मनात धरतो, ऐकणारा दुसरा उचलतो, आणि दोघांचेही काही अडत नाही. जो कोणाला भेटायला निघाला आहे तो त्याला थोड्या वेळाने भेटणार, हे ओघानेच येते. ओघाने येणारा हा अर्थ हळूहळू मुख्य झाला आणि चालणे मागे पडले.

1646 मध्ये जोशुआ पूल या व्याकरणकाराने ‘गोइंग टू’ची नोंद भविष्यकाळाची खूण म्हणून केली आणि उदाहरण वाचण्याचे दिले. वाचायला कोठे जावे लागत नाही. व्याकरणाच्या पुस्तकात नोंद होते तेव्हा बदल लोकांच्या तोंडी रुळलेला असतो. पुढे ज्यांना पाय नाहीत असे कर्ते आले: पाऊस, भिंत, किंमत. विसाव्या शतकात ‘गोइंग टू’चे ‘गॉना’ झाले आणि दोन अर्थांची फारकत उच्चारातही दिसू लागली. ‘आय ॲम गॉना स्लीप’ चालते. ‘आय ॲम गॉना लंडन’ कोणी म्हणत नाही. खरे जाणे असेल तेथे शब्द झिजत नाही.

तरीही जुन्या प्रवासाची धूळ या शब्दसमूहाच्या अंगावर अजून आहे. दारावर थाप पडताच मनुष्य ‘आय विल ओपन इट’ म्हणतो, कारण निर्णय त्या क्षणीचा असतो. ढग भरून आले की ‘गोइंग टू रेन’ म्हणतो, कारण घटना जणू आधीच निघाली आहे. भूतकाळात हे अधिक जाणवते. ‘आय वॉज गोइंग टू राइट’ म्हटले की पत्र बहुधा लिहिले गेले नाही, असे आपण समजतो. निघाला होता, पोचला नाही.

आता मराठीकडे वळू. ‘आम्ही नवी योजना सुरू करायला जात आहोत’ अशी वाक्ये अलीकडे जाहिरातींत आणि बातम्यांत कानी पडतात. इंग्रजीतले जाणे येथे उचलून ठेवले आहे. हिंदीतल्या ‘करने जा रहे हैं’चाही त्याला हातभार असावा. परकेपणा हा यातला मोठा दोष नव्हे. खरी अडचण अशी, की ‘करायला जाणे’ याला मराठीत आधीच एक अर्थ आहे आणि तो फसगतीचा आहे. ‘सावरायला गेलो आणि पडलो.’ ‘करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.’ त्यामुळे योजना ‘सुरू करायला जात आहोत’ असे ऐकताच मराठी कान पुढच्या ‘आणि’ची वाट पाहू लागतो.

मराठीतल्या ‘जाणे’नेही प्रवास केला आहे, पण वेगळ्या दिशांना. ‘मारला गेला’, ‘केले जाते’ यांत ते कर्मणी प्रयोगाचे साहाय्यक झाले. जुन्या मराठीत हे काम ‘कीजे’, ‘बोलिजे’ अशी एकपदी रूपे करीत. ‘विसरून गेलो’ मध्ये ते क्रिया पुरी झाल्याचे सांगते, ‘वाचत जा’ मध्ये नेम लावते. जवळ आलेले भविष्य सांगायला मात्र आपण ‘येणे’ वापरतो: छप्पर कोसळायला आले आहे, दिवस मावळत आला. इंग्रजीत माणूस उद्याकडे चालत जातो. मराठीत उद्याच आपल्याकडे येतो.

म्हणून भाषांतर करताना ‘गोइंग टू’ला एकच प्रतिशब्द ठरवून चालत नाही. बेत असेल तर ‘करणार आहे’, लक्षणे दिसत असतील तर ‘पडायला आले आहे’, हुकलेला बेत असेल तर ‘लिहिणार होतो’. आणि सोळाव्या-सतराव्या शतकातले पान समोर असेल, तर आधी वाक्यात घोडे आहेत का ते पाहावे. त्या चौकस विद्यार्थ्यालाही आम्ही आता एवढेच सांगतो, की पाऊस कोठेही जात नाही. पण त्याच्या आधी या शब्दांवरून पुष्कळ माणसे चालून गेली आहेत.