जुन्या लष्करी जीपचे इंजिन कसे ओळखायचे आणि बदली इंजिन कुठून आणायचे?

दुसऱ्या महायुद्धातली जीप अमेरिकी सैन्याच्या कागदोपत्री 'जीप' नव्हतीच. तिची नोंद 'पाव टनी ट्रक' अशी होती. १९४१ ते १९४५ या काळात विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून असे सहा लाखांहून अधिक ट्रक बनवले. विलिसच्या मॉडेलला 'एमबी' म्हणतात, फोर्डच्या मॉडेलला 'जीपीडब्ल्यू'. त्यातल्या ज्या आज उरल्या आहेत, त्यांपैकी अनेकींत मूळ इंजिन नाही. सैन्याच्या कार्यशाळेत इंजिन बिघडले की ते उतरवून दुरुस्त केलेले दुसरे चढवत. ते त्याच गाडीचे असावे असा आग्रह कोणी धरत नसे. नंतरच्या मालकांनी तर हाताला लागेल ते डिझेल इंजिन बसवले. त्यामुळे अशी गाडी घेतली की पहिला प्रश्न येतो तो हा, की बॉनेटखाली नेमके आहे तरी काय?

डोक्यावरून ओळख

मूळ इंजिन चार सिलिंडरचे, पेट्रोलवर चालणारे, १३४ घनइंचाचे म्हणजे सुमारे २.२ लिटरचे आणि ६० अश्वशक्तीचे. 'गो डेव्हिल' हे त्याचे प्रसिद्ध नाव. त्याचे सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच, सिलिंडरच्या बाजूला बसतात. म्हणून वरचे हेड पाटासारखे सपाट दिसते आणि स्पार्क प्लग त्याच्या माथ्यावर उभे असतात.

त्यानंतर आले 'हरिकेन'. त्यात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह हेडमध्ये गेले आणि धूर बाहेर टाकणारे ब्लॉकमध्येच राहिले. साहजिकच इंजिन उंच झाले आणि वर पत्र्याचे लांबट झाकण आले. महिंद्राने आपल्याकडे वर्षानुवर्षे बनवलेल्या 'सीजे-३बी' जीपचे बॉनेट उंच का, याचे उत्तर इथे आहे. बोअर आणि स्ट्रोक दोन्ही इंजिनांचे सारखेच असल्याने 'खालून सगळे तेच आहे' असे विक्रेते सांगतात. त्यात तथ्य आहे, पण युद्धकाळातल्या जीपचे ठेंगणे बॉनेट या इंजिनावर बसत नाही.

क्रमांक वाचताना

ब्लॉकच्या पुढच्या भागात, वरच्या अंगाला, तेलाच्या फिल्टरजवळ एक सपाट जागा असते. तिथे ठोकलेला क्रमांक 'एमबी' किंवा 'जीपीडब्ल्यू' या अक्षरांनी सुरू होतो. फोर्डने इंजिनाचाच क्रमांक चासीवरही ठोकला होता, त्यामुळे फोर्डची जोडी जुळते की नाही हे पडताळता येते. विलिसमध्ये दोन्ही क्रमांक मुळातच वेगळे होते. म्हणून 'क्रमांक जुळणारी विलिस' असे सांगून कोणी जास्त पैसे मागितले, तर सावध व्हावे.

ब्लॉकच्या अंगावर उठावदार ओतीव आकडेही असतात. ते एकट्या इंजिनाचे नसून साच्याचे असतात. त्यांवरून ब्लॉकचा प्रकार कळतो, त्या इंजिनाचा इतिहास नाही. ठोकलेल्या क्रमांकाची जागा घासलेली, जरा खोलगट किंवा ताज्या रंगाची दिसली तर सौदा तिथेच थांबवावा. तो ब्लॉक चोरीचा असू शकतो आणि आरटीओत त्याचा जाब खरेदीदारालाच द्यावा लागतो.

बसेल की नाही?

खरी फसगत बारीक फरकांत होते. युद्धकाळातल्या इंजिनांत कॅमशाफ्ट साखळीने फिरतो. युद्धानंतरच्या नागरी जीपमध्ये लवकरच साखळीऐवजी गिअर आले. गिअर आले की कॅमशाफ्टची फिरण्याची दिशा उलटी होते. तेलाचा पंप कॅमशाफ्टवरूनच चालतो, म्हणून साखळीवाल्या इंजिनाचा पंप गिअरवाल्याला चालत नाही. कॅमशाफ्ट आणि पंप एकाच जातीचे आहेत ना, हे इंजिन बांधण्यापूर्वी बघितलेच पाहिजे.

दुसरी गोष्ट फ्लायव्हीलची. युद्धकाळातल्या फ्लायव्हीलच्या रिंगला ९७ दाते होते. नंतरच्या रिंगांचे दाते संख्येने अधिक आणि बारीक आहेत, त्यामुळे स्टार्टर त्याच जोडीचा लागतो. मूळ विद्युत व्यवस्था ६ व्होल्टची होती, हेही ध्यानात ठेवावे.

विकत घेण्यापूर्वी प्लग काढून इंजिन हँडलने पूर्ण फिरवून पाहावे. जमल्यास हेड उतरवून घ्यावे. व्हॉल्व्हची बैठक आणि सिलिंडर यांच्यामधल्या चिंचोळ्या भिंतीत तडा असेल, तर स्वस्त ब्लॉकही शेवटी महागच पडतो. घासलेला बोअर ही त्यामानाने किरकोळ बाब. तो वाढवता येतो किंवा त्यात लाइनर घालता येतो.

कुठे शोधायचे?

भारतात सर्वांत सुलभ मिळते ते महिंद्राच्या जुन्या पेट्रोल जीपचे हरिकेन. मुंबईत कुर्ल्याचा आणि दिल्लीत मायापुरीचा बाजार जुन्या सुट्या भागांसाठी परिचित आहे. हरियाणातले मंडी डबवाली तर जीपच्या कामासाठीच ओळखले जाते. सरकारी खात्यांच्या जुन्या मालाचे लिलाव एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या संकेतस्थळावर होतात, पण तिथे बहुधा अख्खा लॉट घ्यावा लागतो. सपाट हेडचेच इंजिन हवे असेल तर परदेशाकडे पाहावे लागते. फ्रान्समध्ये हॉचकिस कंपनीने परवान्यावर 'एम-२०१' नावाच्या २७ हजारांहून अधिक जीप बनवल्या. त्यांचे इंजिन याच घराण्यातले असल्याने युरोपातले हौशी लोक बदलीसाठी आधी तिकडे वळतात.

अडीच टनी जीएमसी ट्रक असेल तर शोध वेगळा. त्याचे सहा सिलिंडरचे २७० घनइंची इंजिन युद्धानंतर नागरी ट्रकांतही वापरले गेले, त्यामुळे नागरी ट्रकाचा ब्लॉकही कामी येतो. शेवरलेचे २३५ घनइंची इंजिन मात्र वरवर तसेच दिसले तरी घेऊ नये. त्याची वंगणाची पद्धतच निराळी आहे.

कागदपत्रे

इंजिन क्रमांक नोंदणी पुस्तकात असतो, म्हणून बदलीची नोंद आरटीओकडे करावी लागते. जुन्या इंजिनाची पावती, विक्रेत्याचे ओळखपत्र आणि क्रमांकाचे छायाचित्र जपून ठेवावे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकी वाहनांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते, मात्र वाहन मूळ स्वरूपात हवे. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. डिझेल बसवलेली जीप रोजच्या वापराला सोयीची असेल, पण ही नोंदणी हवी असेल तर इंजिन शोधण्याआधीच आरटीओत विचारून घ्यावे.