तंग कीं सैल? : डोंगरी सायकलस्वाराच्या चड्डीचा इतिहास

चड्डी हा नभोवाणीवरून बोलण्याजोगा विषय आहे काय, अशी शंका आपल्यापैकीं कित्येकांच्या मनांत येईल. पागोट्याचा इतिहास लिहिला जातो, पैठणीचा तर मोठ्या हौसेनें लिहिला जातो. चड्डीनेंच इतिहासकारांचें काय घोडें मारलें आहे कोणास ठाऊक! हल्लीं सह्याद्रीच्या घाटवाटांवर रुंद, खांचेदार टायरांच्या डोंगरी सायकली हांकणारी तरुण मंडळी दृष्टीस पडते. त्यांच्यापैकीं कोणी नवखा दुकानांत गेला म्हणजे त्याच्यापुढें दोन चड्ड्या टाकल्या जातात. एक सापाच्या कातीसारखी अंगाला चिकटणारी, आंतून गादी लावलेली. दुसरी गुडघ्यापर्यंत लोंबणारी, खिशांची, सैल. कोणती घ्यावी? विक्रेता दोहोंची किंमत सांगतो, कारण सांगत नाहीं. तें कारण इतिहासांत आहे, आणि तें शोधूं गेलें म्हणजे असें दिसतें कीं या एका निवडींत दोन निराळे प्रश्न गुंतले आहेत: स्वाराच्या कातडीला काय सोसतें हा एक, आणि पाहणाऱ्यांच्या डोळ्यांना काय सोसतें हा दुसरा. पहिल्याचें उत्तर शंभर वर्षांमागेंच सांपडलें होतें. भांडण चालू आहे तें दुसऱ्याचें.

प्रथम कातडीचें पाहूं. १८८५ सालीं जॉन केंप स्टार्ली यानें कॉव्हेंट्री येथें ‘रोव्हर’ नांवाची बुटकी, बेताच्या चाकांची सायकल काढली आणि १८८८ सालीं डनलॉपनें हवा भरलेला टायर काढला. तेव्हांपासून सायकल ही साहसी लोकांची कसरत न राहतां सामान्यांचें वाहन झाली. परंतु तिची सीट खुर्चीसारखी कधींच झाली नाहीं. खुर्चीवर माणूस स्वस्थ बसतो. सायकलच्या सीटवर तो बसूनहि चालत असतो. मिनिटाला पाऊणशें फेरे धरले तरी तासाभरांत साडेचार हजार वेळां मांडी वर-खालीं होते, आणि तितक्याच वेळां कापड कातडीवर घासतें. त्यांत घाम, त्यांत शिवणीची जाड कड, त्यांत सैल कापडाच्या गोळा झालेल्या चुण्या. सोलवटलेल्या मांड्या आणि बुडाखालचे फोड यांनीं मोठमोठ्या शर्यतवीरांना घरीं बसविलें आहे. यावर उपाय एकच: कापडानें कातडीवरून सरकूं नये, कातडीबरोबर हालावें. तंग चड्डीमागील सारी युक्ति एवढीच आहे.

सैल कापडाचा दुसरा वैरी म्हणजे सांखळी. पुण्यासारख्या सायकलींच्या शहरांत ज्यांनीं उमेदीचीं वर्षें काढलीं त्यांना पँटच्या उजव्या पायाला लावावयाची ती पोलादी क्लिप आठवत असेल. मी स्वतः तीस वर्षें ती लावून शाळेंत जात होतों, आणि वर्गांत शिरतांना ती पायावर राहिली कीं मुलें गालांतल्या गालांत हंसत.

साहेबाच्या देशांत पुरुषांनीं यावर तोड काढली ती निकरबॉकरची. म्हणजे वर घोळदार आणि गुडघ्याखालीं पट्टीनें आवळलेली विजार. स्त्रियांना ती वाट मोकळी नव्हती. अमेरिकेंत अमेलिया ब्लूमर या बाईंनीं १८५१ सालीं आपल्या ‘लिली’ पत्रांतून आंखूड झग्याखालीं घोळदार तुमान घालण्याचा पुरस्कार केला होता. परंतु त्या पोषाखाची इतकी टवाळी झाली कीं थोड्याच वर्षांत तो मागें पडला आणि बाईंचें नांव तेवढें त्या तुमानीला चिकटून राहिलें. सायकल आल्यावर ती तुमान पुन्हां पेटीबाहेर निघाली. सप्टेंबर १८९३ मध्यें टेसी रेनल्ड्स नांवाच्या सोळा वर्षांच्या मुलीनें ब्रायटनहून लंडनला जाऊन परत येण्याची सुमारें १२० मैलांची मजल साडेआठ तासांत मारली. तिच्या दमाचें कौतुक करावयाचें सोडून तिच्या निकरबॉकरवरच अधिक शाई खर्ची पडली.

या प्रकरणाचा कळस झाला तो इंग्लंडांतील सरे परगण्यांत, ऑकम येथील हॉटबॉय नांवाच्या हॉटेलांत. स्त्रियांच्या सोयीच्या पोषाखासाठीं झगडणाऱ्या संघाच्या अध्यक्षा लेडी हार्बर्टन या ऑक्टोबर १८९८ मध्यें सायकलवरून तेथें पोंचल्या आणि त्यांनीं जेवण मागितलें. अंगावर सैल निकरबॉकर आणि वर कोट होता. हॉटेलच्या मालकीण मिसेस स्प्रेग यांनीं त्यांना कॉफीच्या दिवाणखान्यांत घेण्याचें नाकारलें. दारूच्या बाराशेजारील खोलींत बसावयाचें असल्यास बसा, असें सांगितलें. बाई तेथून उपाशी निघाल्या. सायकलस्वारांच्या पर्यटन-मंडळानें त्यांची बाजू घेऊन मालकिणीवर फिर्याद लाविली, आणि एप्रिल १८९९ मध्यें किंग्स्टन येथें तो खटला चालला. पंचांपुढें त्या खोलीचें छायाचित्र ठेवण्यांत आलें, आणि खोली बसण्याजोगी होती, सबब जेवण नाकारलें असें म्हणतां येत नाहीं, अशा विचारानें मालकीण सुटली. विजार योग्य कीं अयोग्य, हा खरा प्रश्न कोर्टानें खोलीच्या आड मोठ्या खुबीनें लपविला.

या खटल्यांत ध्यानांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, आक्षेप घेतला गेला ती विजार तंग नव्हती. चांगली घोळदार होती. सैलपणानें लाज राखली जाते हा समज येथें टिकत नाहीं. त्या काळच्या इंग्रज डोळ्यांना खुपलें तें एवढेंच, कीं स्त्रीला दोन पाय आहेत हें दिसलें. त्याच १८९८ सालीं आमच्याकडे नऊवारीचा काष्टा घातलेल्या लक्षावधि स्त्रिया शेतांत आणि बाजारांत वावरत होत्या, आणि त्या कारणावरून त्यांना कोणी दारांतून परत लावीत नव्हतें.

पुरुषांनाहि या दृष्टीचा जाच अगदींच नव्हता असें नाहीं. इंग्लंडांत भर रस्त्यावर एकत्र शर्यत खेळण्यास सायकलस्वारांच्या राष्ट्रीय संघानेंच बंदी केली होती. म्हणून उत्साही लोक एकेकटे, घड्याळाशीं स्पर्धा करीत, भल्या पहांटे गाजावाजा न करतां धांवत. पोलिसांच्या आणि पाद्र्यांच्या डोळ्यांवर येऊं नये म्हणून ते काळे जाकीट आणि घोट्यापर्यंत पाय झांकणारी काळी तंग तुमान घालीत. अंगाला तंगपणा हवा होता, समाजाला झांकण हवें होतें. दोघांचें समाधान काळ्या रंगानें केलें!

फ्रान्समध्यें १९०३ सालीं ‘टूर द फ्रान्स’ ही शर्यत सुरू झाली, आणि पुढील कित्येक दशकें शर्यतवीराचा वेष ठरून गेल्यासारखाच होता: विणलेल्या लोंकरीची काळी तंग चड्डी आणि तिच्या आंत, सीटला लागतें त्या जागीं, मऊ कमावलेलें चामडें. या चामड्यास शॅमॉय म्हणतात. शॅमॉय हा आल्प्स पर्वतांतील रानबकरीसारखा प्राणी. परंतु पुढें या नांवाखालीं बहुधा मेंढीचेंच कातडें येऊं लागलें. ही युक्ति उत्तम खरी, पण तिला जपावें फार लागे. लोंकर पावसांत भिजली कीं पिशवीसारखी लोंबे. चामडें धुतलें कीं वाळून पापडासारखें कडक होई, आणि तें मलम चोळचोळून पुन्हां मऊ करावें लागे.

हा त्रास संपविला तो रसायनशास्त्रानें. डु पाँट कंपनींतील जोसेफ शिव्हर्स यानें १९५८ सालीं एक नवा धागा सिद्ध केला. तो आपल्या लांबीच्या कित्येक पट ताणला जाई आणि सोडतांच मूळ मापावर येई. कंपनीला सायकलस्वारांची कांहीं फिकीर नव्हती. स्त्रियांच्या कंबरपट्ट्यांतील रबराला पर्याय हवा होता. त्या धाग्याचें बाजारांतील नांव लायक्रा. १९७० नंतर तो सायकलच्या चड्डींत शिरला आणि लोंकर हटली; पाठोपाठ चामड्याच्या जागीं कृत्रिम कापडाची गादी आली. आतां चड्डी लोंबत नव्हती, चुणी पडत नव्हती, रंगहि हवा तो मिळे. कातडीचा प्रश्न येथें सुटला असें म्हणावयास हरकत नाहीं.

आणि नेमक्या याच सुमारास, कॅलिफोर्नियांत, सायकलस्वारांची एक टोळी जाड निळ्या जीन घालून डोंगरावरून खालीं सुटली!

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस मरीन परगण्यांत माउंट तमालपाइस नांवाचा डोंगर आहे. तेथील फेअरफॅक्स गांवाजवळच्या एका कच्च्या वाटेवर २१ ऑक्टोबर १९७६ रोजीं पहिली ‘रीपॅक’ शर्यत झाली. सुमारें दोन मैलांत तेराशें फूट उतार. सायकली होत्या १९३०-४० च्या सुमाराच्या जुन्या, अवजड, फुग्या टायरांच्या. ब्रेक मागील चाकाच्या तुंब्यांत असे; एका उतरणींतच त्यांतील वंगण जळून धूर निघे, आणि तुंबा पुन्हां वंगणानें भरावा लागे. त्या ‘पुन्हां भरण्या’वरूनच शर्यतीला नांव पडलें. पहिल्या दिवशीं अ‍ॅलन बाँड्स जिंकला, कारण न पडतां खालीं पोंचणारा तो एकटाच होता. असल्या धोंडाळ वाटेवर जीन, जाड बूट आणि चामडी हातमोजे हा वेष अगदीं शहाणपणाचा होता. पातळ लोंकर पहिल्याच धोंड्यावर फाटली असती.

पण हें अर्धेंच कारण. चार्ली केली, गॅरी फिशर, जो ब्रीझ हे या मंडळींतील म्होरके, आणि त्यांच्यापैकीं फिशर व ब्रीझ हे डांबरी रस्त्यावरील कसलेले शर्यतवीर होते. रस्त्यावर ते काळी तंग चड्डी घालीत. तेच लोक डोंगरावर आले म्हणजे लांकूडतोड्यासारखे दिसत. रस्त्यावरील शर्यतींत नियम, शिस्त, पंच आणि युरोपची नक्कल; डोंगरावर मात्र मित्रमंडळी आणि मोकळीक. ही मोकळीक अंगावर दिसावी असें त्यांना वाटलें असल्यास नवल नाहीं. १९७७ सालीं ब्रीझनें या कामासाठीं मुद्दाम नवी सायकल बांधली, १९७९ सालीं फिशर आणि केली यांनीं ‘माउंटनबाइक्स’ नांवाचें दुकान थाटलें, आणि गंमतीचा धंदा झाला. कापडाचा तो स्वभाव मात्र खेळाला जन्मतःच जडला.

धंद्यामागून संघटना आली. आंतरराष्ट्रीय सायकल संघानें डोंगरी सायकलची पहिली जागतिक शर्यत १९९० सालीं कोलोराडोंतील ड्युरँगो येथें भरविली, आणि १९९६ सालीं अटलांटाच्या ऑलिंपिकांत या खेळाला जागा मिळाली. ऑलिंपिकांत गेली ती चढ-उतारांची लांब शर्यत. तिचे स्वार रस्त्यावरच्या वीरांसारखेच तंग लायक्रांत असतात. नुसत्या उताराच्या शर्यतीनें मात्र मोटारसायकलच्या धांवपट्टीवरचा वेष उचलला: सैल विजार, सैल सदरा, आंत गुडघ्यांचीं आणि कोपरांचीं चिलखतें. १९९० नंतर कांहीं उतारवीर अंगासरशीं चिकटणारा पोषाख घालून येऊं लागले, कारण तिथें वाऱ्याची बचत खरोखर होते. पुढें संघाच्या नियमांनीं उताराच्या शर्यतींत असा तंग लायक्रा पोषाख मनाच केला.

शाळामास्तराची खोड म्हणून येथें थोडें गणित सांगतों. वेग चौपट झाला म्हणजे वाऱ्याचा विरोध सोळापट होतो. ताशीं दहा किलोमीटरनें चढ चढणाऱ्याला फडफडत्या कापडाचा भार जवळजवळ जाणवत नाहीं. चाळीसनें उतरणाऱ्याला चांगलाच जाणवतो. केवळ वेगाकडे पाहिलें तर तंग कपडा उतरणाऱ्यानें घालावा आणि सैल चढणाऱ्यानें! प्रत्यक्षांत रिवाज अगदीं उलटा आहे. चिलखतावर सैल विजार सोयीची हें मान्य. पण तेवढ्यासाठीं तंग पोषाखाला बंदी कशाला हवी? मला तर यांत हॉटबॉयच्या मालकीणबाईच दिसतात, फक्त या वेळीं त्या तंग कपड्याला खोलीबाहेर ठेवीत आहेत.

घोडेस्वारांनीं हें कोडें आपल्या परीनें सोडविलें होतें. १८९७ सालीं व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवासाठीं जोधपूरचे सर प्रतापसिंह इंग्लंडला गेले, तेव्हां त्यांची मांडीवर सैल आणि पोटरीवर घट्ट विजार पाहून इंग्रज थक्क झाले, आणि जोधपूरचें नांव त्यांच्या शिंप्यांच्या तोंडीं बसलें. वांकावयाचें तेथें सैल, घासावयाचें तेथें घट्ट, अशी तिची कापणी. सायकलवाल्यांनीं हीच वांटणी निराळ्या रीतीनें केली: एकावर एक दोन चड्ड्या. आंत गादीचें तंग अस्तर, वर सैल पांघरूण.

तेव्हां आमच्या नवख्यानें पैसे राखावेत ते आंतल्या चड्डीसाठीं. तिच्याखालीं दुसरें कांहीं घालूं नये. घातल्यास पुन्हां शिवण आली, चुणी आली. वरची सैल चड्डी घ्यावयाची तर दोन पायांमधला भाग लोंबणारा नसावा. उतारावर स्वार सीटमागें सरकतो, आणि परत येतांना तें कापड सीटच्या टोंकांत अडकून तो तोंडघशीं पडतो. करवंदीच्या जाळ्यांतून जावयाचें असेल, वाटेंतल्या गांवीं चहाला थांबावयाचें असेल, तर वरची चड्डी हवीच. पावसाळ्यांत मात्र दोन्ही भिजून जड होतात, तेव्हां एकटी तंग बरी. अस्तर रोज धुवावें आणि उलटें करून सावलींत वाळवावें. चामडें आतां त्यांत राहिलेलें नाहीं, तें मलमानें मऊ करण्याचेंहि कारण उरलेलें नाहीं. मलम आतां स्वाराच्या कातडीला लावतात, आणि त्याला दुकानांत अजूनहि शॅमॉय क्रीमच म्हणतात.