हलू नका!

जगात पहिल्यांदा फोटोत आलेला माणूस कोण, असं कुणी विचारलं तर आपण म्हणू, असेल एखादा राजा, नाहीतर सेनापती, निदान फोटोग्राफरचा सासरा तरी. तसलं काही नाही. तो बूट पॉलिश करून घेणारा एक इसम आहे. नावगाव ठाऊक नाही.

१८३८ साली लुई दागेर या फ्रेंच गृहस्थानं पॅरिसमधल्या आपल्या खिडकीतून खालच्या हमरस्त्याचा फोटो काढला. चांगला दिवसाउजेडी. रस्त्यावरून घोडागाड्या धावत असणार, बायाबापड्या बाजाराला निघाल्या असणार, कुणी कुणाशी भांडतही असणार. पण फोटोत पाहावं तर रस्ता संचारबंदी लागल्यासारखा ओस! त्याचं असं होतं, की दागेरसाहेबांच्या त्या चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र उमटायला काही मिनिटं लागत. तेवढ्या वेळात जो हलला, तो पत्र्याच्या हिशेबी जन्मलाच नाही. एका कोपऱ्यात हे गृहस्थ एक पाय पुढे करून उभे राहिले होते. पॉलिश पुरं होईपर्यंत जागचे हलले नाहीत, म्हणून अमर झाले. त्यांच्या पायाशी बसलेला पॉलिशवाला मात्र नीट दिसत नाही. त्याचे हात चालू होते ना! त्याचा नुसता एक काळपट डाग उरला आहे.

मला कॅमेऱ्याचा नाद लागून पन्नास वर्षं उलटून गेली. या काळात भिंगं, शटर, तिपाया, फिल्टर यांच्यावर मी इतका बोललो आहे, की आमच्याकडे पाहुणे येताना आधी फोन करून 'कॅमेरा आवरून ठेवलाय ना?' असं विचारून घेतात. पण खरं सांगायचं तर या सगळ्या यंत्रविद्येपेक्षा मला तो डाग जास्त छळतो. जो उभा राहिला तो फोटोत, आणि ज्याला काम होतं तो गायब! हा न्याय पॅरिसपुरता राहिला असता तर मला काही म्हणायचं नव्हतं. तो बोटीत बसून आपल्याकडेही आला.

आला तोही लवकर. १८३९ साली दागेरचा शोध जगजाहीर झाला आणि १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघालीसुद्धा. म्हणजे बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली त्याच्या पुढच्याच वर्षी. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे दोघेही या सोसायटीत होते. नारायण दाजी तर स्वतः उत्तम फोटो काढत. त्या काळात काढत म्हणजे काय करत, हे आजच्या बोटानं फोटो काढणाऱ्यांना सांगूनही पटायचं नाही. काचेला कलोडियन नावाचं चिकट द्रावण फासायचं, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली आहे तोवर कॅमेऱ्यात घालायची, ओली आहे तोवर फोटो काढायचा आणि ओली आहे तोवरच अंधारात नेऊन धुवायची. वाळली की गेली! आमची आजी नैवेद्याचा स्वयंपाक ओलेत्यानं करायची, त्यातलाच हा प्रकार. आणि हे मुंबईच्या उन्हाळ्यात, जिथे काचेआधी फोटोग्राफरच वाळायचा.

दरम्यान समोरच्या माणसानं हलायचं नाही. मिनिटांचे आता सेकंद झाले होते, पण सेकंदसुद्धा डोळ्यांत ऊन असताना पुष्कळ लांब असतो. म्हणून स्टुडिओत मानेला मागून आधार देणारा लोखंडी चिमटा असे. जुन्या फोटोंतली माणसं विलक्षण करारी दिसतात, आणि आपण म्हणतो, काय ती पिढी! ती पिढी करारी असेलही, पण निम्मा करारीपणा त्या चिमट्याचा होता. हसू काही सेकंद एकसारखं टिकवणं नटालाही जमत नाही. गांभीर्य मात्र कुणालाही टिकवता येतं.

साहेबानं १८६८ ते १८७५ या काळात हिंदुस्थानातल्या जातीजमातींच्या फोटोंचे आठ जाडजूड खंड काढले. असल्या जुन्या फोटोंत विणकर, सुतार, कुंभार असे कामकरी लोक पुष्कळ भेटतात. जरा निरखून पाहा. त्यांच्या हातात हत्यार आहे, पण काम चाललेलं नाही. कामाचं सोंग चाललं आहे. कसबी माणसाचा फोटो हवा असेल तर आधी त्याचं काम बंद करायचं, मग त्याला काम करतोय असं दाखवायला सांगायचं. सरकारी पाहणीची ही रीत तेव्हापासूनची असावी.

आपल्याकडे 'फोटो काढतात' हा शब्दप्रयोगही मला मोठा मार्मिक वाटतो. आपण दात काढतो, कर्ज काढतो, खोड काढतो आणि फोटोही काढतो. चारही वेळा समोरच्याच्या चेहऱ्यावर साधारण तेच भाव असतात. दादासाहेब फाळक्यांना याचा अनुभव आला होता. सिनेमा काढण्याच्या आधी ते फोटोग्राफर होते. बडोद्यात त्यांनी धंदा मांडला, तर गावात बोलवा झाली म्हणे, की कॅमेरा माणसातली शक्ती शोषून घेतो आणि माणूस मरतो. गिऱ्हाईक फिरकेना. यात हसण्यासारखं काही नाही. लग्नाच्या हॉलमध्ये फोटोवाल्यापुढे चार तास उभ्या राहिलेल्या नवरा-नवरीला विचारा, शक्ती जाते की नाही ते.

याच फाळक्यांनी पुढे १९१२ साली कुंडीत वाटाणा पेरून त्याचं रोज थोडं थोडं चित्रण केलं आणि रोपाची वाढ पडद्यावर मिनिटाभरात करून दाखवली. वाटाणा हा आदर्श गिऱ्हाईक. हलतो, पण कॅमेऱ्याच्या सोयीनं हलतो. मग १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' आला. तारामतीच्या कामाला बाई मिळेना, म्हणून अण्णा साळुंके हा उपाहारगृहात काम करणारा तरुण तारामती झाला, ही गोष्ट आपण सगळे कौतुकानं सांगतो. त्याच वेळी सरस्वतीबाई फाळके काय करत होत्या? सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करत होत्या, कपडे धुत होत्या, फिल्मला भोकं पाडत होत्या आणि रात्री ती धुवायलाही हातभार लावत होत्या. म्हणजे हॉटेलातला माणूस पडद्यावर राणी झाला आणि घरातली राणी पडद्यामागे हॉटेल चालवत राहिली. पुन्हा तोच पॅरिसचा न्याय!

कॅमेऱ्यामागे उभ्या राहिलेल्या बाईचीही कथा वेगळी नाही. होमाई व्यारावाला ही आपली पहिली महिला वृत्तछायाचित्रकार. तिचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावावर छापून येत. पुढे तिनं 'डालडा १३' असं टोपणनाव घेतलं. का, तर मोटारीचा नंबर डीएलडी १३ होता! स्वातंत्र्याचा झेंडा चढताना तिनं टिपला, आणि १९७० साली कॅमेरा खाली ठेवला तो कायमचा. आमच्यासारख्यांना ते या जन्मी जमायचं नाही.

एवढा सगळा इतिहास आमच्या घरी पोचला तो अ‍ॅगफा क्लिक थ्री या नावानं. ज्यांनी तो वापरला आहे त्यांना वर्णनाची गरज नाही, आणि ज्यांनी वापरला नाही त्यांना तो खेळण्यातला वाटेल. काळा डबा, एकाच वेगाचं शटर, उघडीपीला सूर्याचं चित्र आणि मळभाला ढगाचं. पाठीवर एक लाल खिडकी, तिच्यातून रोलचा आकडा बघायचा. बारा आकडे संपले की रोल संपला. रोल कधी परदेशी मिळे, कधी आपल्या उटीच्या सरकारी कारखान्याचा 'इंदू'. तो कारखाना १९६० साली उभा राहिला आणि १९६७ पासून माल काढू लागला. फिल्मवर चांदीचाच थर असतो, तेव्हा तिला चंद्राचं नाव देणारा अधिकारी रसिक असला पाहिजे. कारखाना पुढे बंद पडला. चंद्राला ग्रहण लागलं ते सुटलंच नाही.

आता शटर पापणी लवायच्या आत पडत होतं, म्हणजे पुतळ्यासारखं उभं राहण्याचं कारण उरलं नव्हतं. पण आमच्या घरातली माणसं फोटोच्या वेळी चिमटा लावल्यासारखीच उभी राहत. कारण आता वेळ महाग नव्हता, फोटो महाग होता. बारा म्हणजे बारा! रोल, तो धुण्याची मजुरी, वर प्रिंटा. दिवाळीला घातलेला रोल गुढीपाडव्याला संपे. मधे एक मुंज, एक साखरपुडा, सिंहगडावर एक सहल आणि नव्या सायकलीला टेकून उभा असलेला धाकटा काका. उरलेल्या दोनांवरून घरात तहाच्या वाटाघाटी चालत. असल्या टंचाईत 'आई भाकरी थापतेय' हा विषय कुणाच्या मनात यावा? भाकरी काय, ती रोजच थापते!

आणि मनात आला असता तरी यंत्र तयार नव्हतं. हे फारसं कुणी लक्षात घेत नाही. त्या डब्याच्या भिंगाचं तोंड बारीक, फिल्म मंद, त्यामुळे त्याला लागायचं लख्ख ऊन. फोटो काढायचा तो अंगणात नाहीतर गच्चीवर, आणि तोही सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी ठेवून. म्हणून आमच्या सबंध खानदानाचे डोळे मिचमिचे आले आहेत. नव्या सुनांना तो आनुवंशिक दोष वाटतो. आमचं स्वयंपाकघर वाड्याच्या मागच्या अंगाला, एका झरोक्याचं. चुलीच्या धुरानं भिंती काळ्याभोर. तिथे त्या कॅमेऱ्याला आंधळा म्हटलं तरी चालेल. फ्लॅशचा बल्ब म्हणाल तर एकदा पेटला की मेला. तो कुणाच्या लग्नात जाळायचा, चुलीपुढे नव्हे.

म्हणजे आईचा फोटो हवा असेल तर तिला आधी बाहेर बोलवायचं. ती हात पुसत येई, पदर सारखा करी, भिंतीला लागून उभी राही आणि म्हणे, "आटप रे लवकर, दूध ठेवलंय." ओठ मिटलेले, नजर दुधाकडे. अशी ती आमच्या अल्बममध्ये काळ्या पानांवर, चार कोपऱ्यांत अडकवलेली, सात-आठ ठिकाणी आहे. प्रत्येक ठिकाणी घोळक्यात आणि प्रत्येक ठिकाणी निघण्याच्या बेतात.

१९८३ साली ती गेली आणि भिंतीवर लावायला फोटो हवा झाला, तेव्हा एकटीचा असा एकही निघेना. मध्यमवर्गीय घरांतून हे तेव्हा सर्रास होई. स्टुडिओवाल्यांचं त्यावर ठरलेलं औषध असे. त्यांनी एका लग्नाच्या ग्रुपमधून तिला कापून काढलं, तिच्या खांद्यावरचा मावशीचा हात ब्रशनं पुसला, पातळाला नवे काठ दिले, कुंकू ठसठशीत केलं. फोटो हातात देताना स्टुडिओवाले म्हणाले, "ओठ जरा हसरे केलेत. घरात बरं वाटतं." काम सफाईदार होतं. येणारी-जाणारी माणसं म्हणत, अगदी सात्त्विक चेहरा. ताई मात्र बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बाई छान आहे. पण कोण आहे?"

तो फोटो अजून भिंतीवर आहे.

पुढचा इतिहास सगळ्यांनाच माहीत आहे. १९७५ साली अमेरिकेत कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनियरनं फिल्मशिवाय चालणारा कॅमेरा बनवला. वजन साडेतीन किलोच्या वर, आणि एक फोटो कॅसेटच्या टेपवर उतरायला तेवीस सेकंद! कंपनीनं काही फारसं मनावर घेतलं नाही, आणि २०१२ साली दिवाळखोरीचा अर्ज केला. आज माझ्या नातवाच्या खिशातला फोन रात्रीच्या अंधारातलं मांजरसुद्धा टिपतो. त्यात तेवीस हजार फोटो आहेत. मी मुद्दाम बघितले. पोह्यांचे चाळीसएक निघाले. वर कोथिंबीर, शेजारी लिंबाची फोड, उजेड तर असा की मी जन्मभर मागितला तरी मिळाला नसता. पोहे करणारी कुठे आहे म्हणून शोधलं, तर एका फोटोत अर्धा अंगठा सापडला. सूनबाईला म्हटलं, "तू उभी राहा ओट्याशी, मी काढतो." तर म्हणाली, "थांबा बाबा, आधी ओटा आवरते."

हल्ली दुपारच्या वेळी मी जुन्या निगेटिव्ह स्कॅन करत बसतो. आमच्या त्या डब्याची निगेटिव्ह चौकोनी असे, आणि मोठी प्रिंट करताना ती आयताकृती कागदात बसवायची म्हणून कडा कापल्या जात. मागच्या महिन्यात १९७६ सालच्या मुंजीचा ग्रुप स्क्रीनवर उघडला. पुढे मुंजा, मागे फेटेवाले, सगळे चिमटा लावल्यासारखे. आणि डाव्या कडेला, प्रिंटमध्ये कधीच न आलेल्या भागात, ओसरीचं दार आणि त्या दारातून लगबगीनं बाहेर येणारी आई. ती हलली आहे. चेहरा पुसट, हातातल्या ट्रेच्या दोन ट्रे झालेल्या, पदर खोचलेला. आणि तोंड उघडं. कुणाला तरी ती काहीतरी सांगते आहे.

मोठी प्रिंट करून ताईकडे घेऊन गेलो. चष्मा सुद्धा न लावता तिनं बोट ठेवलं, "ही आई." मग चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, "शिऱ्याच्या बशा नेतेय बघ. आणि सांगतेय, आधी मुलांना द्या." मी म्हटलं, "शिरा कुठला, मुंजीच्या सकाळी पोहे होते." ती म्हणाली, "तू तेव्हा गच्चीवर कॅमेरा घेऊन नाचत होतास, तुला काय ठाऊक?" बशांतला पदार्थ भिंगाखाली धरून पाहिला. नुसता पांढरा डाग आहे. आमचं त्यावर अजून एकमत झालेलं नाही. पुढच्या रविवारी ती धाकट्या काकांना बोलावणार आहे.