आजीचं पाणी

भंडारा हा तलावांचा जिल्हा. त्यात आमच्या बैठकीच्या खोलीत एक तलाव जास्तीचा आहे. तो काचेचा आहे, दोनशे लिटरचा आहे आणि खाऱ्या पाण्याचा आहे. मुंबईचा समुद्र इथून रस्त्याने जवळपास नऊशे किलोमीटर. म्हणून आरओच्या पाण्यात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम समुद्री मीठ कालवून मी घरीच समुद्र तयार करतो. त्यात दगडाला चिकटून एक समुद्रफूल राहतं. इंग्रजीत त्याला सी अ‍ॅनिमोन म्हणतात. दिसायला फूल, पण आहे प्राणी. त्याच्या पाकळ्या म्हणजे डंख मारणारी बोटं, आणि मधोमध तोंड.

हे माझं दुसरं समुद्रफूल. पहिलं मी तीन आठवड्यांत मारलं. टाकी नवी, पाणी नवं, आणि मला घाई. मेलेलं समुद्रफूल विरघळत जातं आणि सगळं पाणी नासवतं. त्या रात्री त्याच्यासोबत दोन मासेही गेले. पाणी चाचणीत क्षार बरोबर होते, तापमान बरोबर होतं. मग चुकलं काय, हे शोधताना मी या छंदाच्या इतिहासात शिरलो. तिथे मला एक आजी भेटली.

आजीकडे जायच्या आधी थोडं मागे जावं लागेल. 1846 साली अ‍ॅना थिन या बाईंनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरून काही जिवंत प्रवाळ लंडनला घरी आणले. समुद्राचं पाणी पुरेना. म्हणून त्यांची मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास खिडकीपाशी उभी राहून तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतायची. हवा मिसळली की पाणी टिकतं, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. आज हे काम आमच्याकडे पंप करतो. लोडशेडिंगच्या काळात मीही मग्गा घेऊन ती मोलकरीण झालेलो आहे.

पुढची पायरी रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाची. त्याने 1850 मध्ये आपला प्रयोग जाहीर केला. एका टाकीत दोन गोल्डफिश, व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती आणि सडलेली पानं खाणाऱ्या गोगलगायी. मासे सोडतात ते वनस्पती घेते, वनस्पती देते ते मासे घेतात. पाणी न बदलता टाकी चालली. या व्हॅलिस्नेरियाचं नाव लक्षात ठेवा. ती पुन्हा भेटणार आहे.

मग आला फिलिप हेन्री गॉस. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं, त्यात त्याचा मोठा हात होता. पुढच्याच वर्षी त्याचं ‘द अक्वेरियम’ हे पुस्तक आलं. त्याने साध्या मिठात मॅग्नेशियम आणि पोटॅशियमचे क्षार मिसळून कृत्रिम समुद्राचं पाणी करण्याची कृतीही दिली. भंडाऱ्यात समुद्रफूल जगू शकतं, त्याचं मूळ या कृतीत आहे. 1845 मध्ये ब्रिटनमध्ये काचेवरचा कर उठला होता, रेल्वे किनाऱ्यापर्यंत गेली होती. मध्यमवर्गीय कुटुंबं बादल्या आणि छिन्न्या घेऊन खडकांवर उतरली. काही वर्षांतच किनाऱ्यावरची डबकी ओरबाडून रिकामी झाली. गॉसचा मुलगा एडमंड याने 1907 मधल्या आपल्या आत्मकथनात त्या उजाड खडकांबद्दल दुःखाने लिहिलं आहे. वडिलांनी ज्या सौंदर्यावर प्रेम करायला शिकवलं, तेच त्या प्रेमाने संपवलं.

आता आजी. या सगळ्यांच्या आधी, 1828 मध्ये, सर जॉन डॅल्येल या स्कॉटिश निसर्गअभ्यासकाने नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून एक लालसर समुद्रफूल उचललं आणि एडिंबरोतल्या घरी काचेच्या लहानशा बरणीत ठेवलं. ना पंप, ना दिवा. समुद्राचं पाणी आणायचं, बदलायचं आणि अधूनमधून शिंपल्याच्या मांसाचा तुकडा द्यायचा. बस्स. त्या समुद्रफुलाला पिल्लं होत राहिली. 1857 मध्ये तर एका रात्रीत 230. लोक तिला ‘ग्रॅनी’, म्हणजे आजी, म्हणू लागले.

1851 मध्ये डॅल्येल वारले. बरणी प्राध्यापक जॉन फ्लेमिंग यांच्याकडे गेली. ते गेल्यावर नौदलातले डॉक्टर मॅकबेन यांच्याकडे. त्यांच्यानंतर एडिंबरोच्या वनस्पती उद्यानातले जॉन सॅडलर, आणि शेवटी तिथलेच रॉबर्ट लिंडसे. 4 ऑगस्ट 1887 रोजी आजी वारली, तेव्हा तिला बरणीत 59 वर्षं होत आली होती आणि पाच जणांनी तिला सांभाळलं होतं. म्हातारपणाने थकून मरणं समुद्रफुलांत फारसं दिसत नाही. बहुतेक वेळा पाणी बिघडतं, म्हणजे पाणी सांभाळणारा हात चुकतो किंवा सुटतो.

माझं काय चुकलं ते कळायला मात्र आणखी एक शोध हवा होता. 1890 च्या सुमारास विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करणारे जिवाणू वेगळे करून दाखवले. टाकीतल्या दगडांवर, वाळूत हे जिवाणू वस्ती करतात, तेव्हा कुठे पाणी विषारी होणं थांबतं. लोणचं मुरतं तसं पाणी मुरावं लागतं, आणि समुद्रफुलासाठी सहा महिने, वर्षभर थांबलेलं बरं. ते मुरलं तरी राखण संपत नाही. विदर्भाच्या मे महिन्यात पाणी भराभर उडतं, मीठ मात्र मागे राहतं. रोज गोड्या पाण्याची भर घातली नाही तर चार दिवसांत समुद्र कडू होतो.

रोजची राखण म्हटली की मला आमच्या बाहेरच्या तलावांची आठवण येते. पूर्व विदर्भात सहा हजारांहून अधिक मालगुजारी तलाव आहेत. आम्ही त्यांना मामा तलाव म्हणतो. त्यातले अनेक कोहळी समाजाने गोंड राजांच्या काळात बांधले. मातीची पाळ, सांडवा, खालची धानाची शेती आणि पाण्यात धिवरांची मासेमारी, अशी ती रचना. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि 1951 मध्ये तलाव सरकारजमा झाले. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता. त्याच 1951 मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हवर राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते तारापोरवाला मत्स्यालय उघडलं. तिकडे समुद्राला काचेत सांभाळणारे हात मिळाले, इकडे तलावांचे हात सुटले.

मालगुजारी गेली ते योग्यच झालं. तिच्यात वेठ होती, जुलूम होता. पण मालकीसोबत गाळ काढणं, पाळ दुरुस्त करणं ही कामंही गेली. कागदावर तलाव सरकारचे झाले. उन्हाळ्यात पाळेवर फिरून भोक शोधणारा माणूस कागदावर नव्हता. गाळ साचला, बेशरमीची झुडपं माजली, देशी मासे कमी झाले. आजीचा पहिला मालकही 1851 मध्ये गेलाच होता. तिच्या बाबतीत मालक गेला तरी काम सुटलं नाही, एवढाच फरक.

ते काम पुन्हा हाती घेणारेही आमच्याकडेच आहेत. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने, आता गोंदिया जिल्ह्यात असलेल्या अर्जुनी मोरगावच्या भागात, धिवर समाजासोबत तलावांवर काम केलं. बेशरम उपटायची, उन्हाळ्यात तळ नांगरायचा आणि मग देशी पाणवनस्पती लावायच्या. गावातल्या बायकांनी कंबरभर पाण्यात उभं राहून ती रोपं लावली. त्यांत व्हॅलिस्नेरिया आहे. वॉरिंग्टनने टाकीत जे सिद्ध केलं, ते धिवरांना तलावात ठाऊक होतं: आधी वनस्पती, मग मासे.

आपल्या देशात प्रवाळांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि ते हवंच. समुद्रफुलंही बहुतेक समुद्रातूनच उचलून आणली जातात, म्हणून तिसरं विकत आणायचं नाही असं मी ठरवलं. गरजही पडली नाही. गेल्या पावसाळ्यात माझं समुद्रफूल आपोआप दुभागलं. ही जात असं करते. दुसरा भाग तुमसरच्या एका विद्यार्थ्याने मागितला. मी त्याला आधी माझ्या टाकीतला एक जुना दगड दिला आणि सहा महिने थांबायला सांगितलं. तो थांबला. आता दोन टाक्यांत एकच जीव वाढतो आहे, आणि त्यातलं मूळ कोणतं ते मला सांगता येणार नाही.