भाडेकरूची बाग

बागांचा इतिहास म्हटला कीं जहांगीर बादशहाचें काश्मीरांतील शालिमार डोळ्यांपुढें येतें, नाहींतर फ्रान्सच्या चौदाव्या लुईचें व्हर्साय. परंतु सामान्य कुटुंबाच्या वांट्यास आलेली बाग याहून फार निराळी. भाड्याच्या घरापुढील चार हात जमीन, थोडासा पैसा आणि त्याहून थोडी सवड, एवढेंच तिचें भांडवल. आपल्या झाडांखालीं आपले नातू बसतील असें बादशहास वाटत असेल; भाडेकरूस पुढचा पावसाळा याच घरांत जाईल कीं नाहीं हेंही ठाऊक नसतें. म्हणून त्याच्या बागेचा पहिला प्रश्न पाण्याचा नव्हे, खताचाही नव्हे. लावलेलें झाड कोणाचें, हा तो प्रश्न होय.

रोमन कायदेपंडितांनीं याचें उत्तर सोपें करून ठेविलें होतें : जमिनींत जें रुजलें तें जमिनीचें, आणि जमीन ज्याची त्याचेंच तें. इंग्लंडच्या न्यायालयांनीं हेंच तत्त्व उचललें. १८३३ सालीं तेथें एम्प्सन विरुद्ध सोडन या नांवाचा खटला झाला. भाडेकरूनें बागेच्या कडेस स्वतः लाविलेलीं बॉक्स नांवाचीं खुजीं झुडपें घर सोडतांना उपटून नेणें त्यास चालणार नाहीं, असा निर्णय न्यायाधीशांनीं दिला. विक्रीसाठीं रोपें वाढविणाऱ्या माळ्यास मात्र आपलीं रोपें नेण्याची मुभा होती. व्यापाराला सवलत आणि हौसेला दंड, हा न्याय मला तरी कधीं पटला नाहीं. अशा कायद्याखालीं शहाणा भाडेकरू काय लावील? जें एका मोसमांत फुलून जाईल तें. सावलीचें झाड लावण्याचें त्यास कारणच उरत नाहीं.

लोकव्यवहार मात्र पुष्कळदा कायद्यापेक्षां शहाणा निघतो. इंग्लंडांतच वुस्टरशायर परगण्यांत ईव्हशॅमचें खोरें आहे. तेथील फळें व भाजीपाला पिकविणारे लोक बहुधा खंडानें जमीन घेणारे. प्लम हें आलुबुखाराच्या जातीचें फळ आणि ॲस्परॅगस ही भाजी, यांसाठीं तें खोरें प्रसिद्ध आहे. ॲस्परॅगसचा वाफा लावला कीं धड पीक हातीं येण्यास दोनतीन वर्षें जातात. मग तो पुष्कळ वर्षें देत राहतो. म्हणजे खर्च आधीं आणि प्राप्ति मागाहून. मधेंच जमीन सुटली तर सगळें मुसळ केरांत! यावर त्या लोकांनीं एक रूढि पाडली. सोडून जाणाऱ्या कुळानें आपल्या जागीं दुसरें कूळ शोधून आणावें, आणि येणाऱ्यानें झाडांची व वाफ्यांची किंमत जाणाऱ्यास द्यावी. मालकाच्या खिशाला तोशीस नाहीं, जमीन ओसाड पडत नाहीं, लावणाऱ्याचे श्रमही बुडत नाहींत. १८९५ सालीं पार्लमेंटनें बाजारासाठीं पिकविणाऱ्या बागाइतदारांस भरपाई मिळण्याचा कायदा केला, आणि ईव्हशॅमच्या या रूढीलाही पुढें कायद्यांत स्थान मिळालें.

ईव्हशॅमच्या कुळांजवळ निदान शेत तरी होतें. लंडनच्या गरीब भाडेकरूजवळ तेंही नव्हतें. १८६५ सालीं ऑक्टेव्हिया हिल या बाईंनीं तेथील मॅरिलबोन भागांतील तीन मोडकळीस आलेलीं घरें हातीं घेतलीं. गल्लीचें नांव पॅरडाइज प्लेस, म्हणजे नंदनवन! पैसा जॉन रस्किन या ग्रंथकाराचा, आणि त्यावर शेंकडा ५ प्राप्ति व्हावी अशी योजना. बाई दर आठवड्यास भाडें वसूल करीत आणि थकबाकीच्या बाबतींत त्या मोठ्या कडक होत्या. परंतु त्यांच्या हिशेबांत एक खुबी होती. दुरुस्तीसाठीं दरसाल कांहीं रक्कम बाजूस काढावयाची, आणि मोडतोड कमी झाल्यामुळें तींतून जें उरेल तें भाडेकरूंना हव्या असलेल्या सुधारणांवर खर्च करावयाचें. जपणुकीचा लाभ जपणाऱ्याच्याच पदरांत! पुढच्याच वर्षीं फ्रेशवॉटर प्लेस येथें घेतलेल्या घरांलगतची पडीत जागा साफ होऊन मुलांना क्रीडांगण मिळालें. १८८७ सालीं सदर्क भागांत, जळालेल्या कागदाच्या कारखान्याच्या जागीं, त्यांनीं रेड क्रॉस गार्डन उभारलें आणि त्याच्या कडेस भाड्यानें देण्याचीं लहान घरें बांधविलीं. ती बाग आजही आहे.

आतां आपल्याकडे पाहूं. येथें १८८२ सालीं मालमत्ता-हस्तांतरणाचा कायदा झाला, आणि त्याच्या १०८ व्या कलमानें इंग्लंडच्या न्यायालयांची वाट सोडली. करारांत निराळें कांहीं नसेल व स्थानिक रूढि आड येत नसेल, तर भाडेकरूनें जमिनीशीं जें जोडलें तें त्यास काढून नेतां येतें. अट एवढीच कीं जागेचा ताबा त्याजकडे असेपर्यंतच न्यावें आणि जागा मूळच्या स्थितींत ठेवावी. जमिनींत रुजलेल्या झाडाझुडपांचाही त्यांत समावेश होतो. हा उदारपणा कागदावर मोठा शोभतो. पण दहा वर्षांचा आंबा उपटून कोण नेणार? शिवाय हल्लीं शहरांत बहुतेक घरें अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्स करारानें दिलीं जातात, आणि तसा राहणारा इसम या कलमांतला भाडेकरू नव्हेच. त्यास निघतांना आपलें सामान हलविण्यापुरती वाजवी मुदत मिळते, इतकेंच.

१८९६ च्या प्लेगनंतर दोन वर्षांनीं मुंबईंत सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि त्यानें दादर-माटुंग्याच्या वसाहती आंखतांना बागांसाठीं मोकळ्या जागा राखल्या. तेथील झाड ना घरमालकाचें, ना भाडेकरूचें. पाणी घालण्याचा भारही दोघांवर नाहीं. गिरगांव-परळच्या चाळींतील बिऱ्हाडांना हें भाग्य कोठलें! त्यांनीं निराळीच तोड काढली. जमिनीला शिवावयाचेंच नाहीं. रॉकेलचा रिकामा डबा घ्यावा, तळाशीं खिळ्यानें भोंकें पाडावीं, माती भरावी आणि गॅलरीच्या कठड्याशीं ठेवावा. शेजारणीकडून मागून आणलेली फांदी किंवा चिमूटभर बीं, याखेरीज खर्च नाहीं. तुळस, कोरफड, पानफुटी आणि चार दिवस पाणी चुकलें तरी तग धरणारी सदाफुली. घरमालकाच्या हरकतीस त्यांत जागाच नाहीं. त्यांतली सदाफुली मूळची मादागास्करची, म्हणजे तीही परगांवाहून बिऱ्हाड करण्यास आलेलीच! घर बदललें कीं भांडींकुंडीं, वळकट्या, ट्रंका हातगाडीवर रचल्या जात, आणि सर्वांत शेवटीं, कोणी हातीं धरून बसावा म्हणून, तुळशीचा डबा वर चढे.