साउंडगार्डनचा झाकोळलेला अल्बम

अमेरिकेत नाव काढलेल्या भारतीयांची यादी करायला बसलात तर काय होईल? कंपन्यांचे प्रमुख, शास्त्रज्ञ, डॉक्टर, दोन-चार राजकारणी आणि स्पेलिंग बी जिंकणारी मुलं एवढी नावं पटापट सुचतील. रॉक बँडमधला एक दाढीवाला गिटारिस्ट त्या यादीत बहुधा नसेल. किम थायिल हे त्याचं नाव. आईवडील केरळचे, जन्म 1960चा, सिअ‍ॅटलमधला. म्हणजे 1965च्या इमिग्रेशन कायद्यानं आपल्यासाठी दार उघडण्याच्याही पाच वर्षं आधीचा. आई संगीतशिक्षिका होती. बालपण शिकागोजवळच्या पार्क फॉरेस्टमध्ये गेलं. पुढे तो सिअ‍ॅटलला परतला, युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये तत्त्वज्ञान शिकला आणि 1984मध्ये ख्रिस कॉर्नेल व हिरो यामामोटो यांच्याबरोबर त्यानं साउंडगार्डन हा बँड सुरू केला. आपल्या घराघरांत मुलांना इंजिनिअरिंगची वाट दाखवली जात होती तेव्हाची ही गोष्ट.

या बँडचं नाव निघालं की लोक 1994च्या 'सुपरअननोन'बद्दल बोलतात. तो अल्बम पहिल्याच आठवड्यात अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला, पन्नास लाखांहून अधिक खपला आणि त्यातल्या दोन गाण्यांना ग्रॅमी मिळालं. मला सांगायचंय ते त्यानंतरच्या 'डाउन ऑन द अपसाइड'बद्दल. 21 मे 1996ला तो बाजारात आला आणि थेट दुसऱ्या क्रमांकावर पोचला. त्याला अपयशी म्हणता येणार नाही. पण आदल्या अल्बमच्या सावलीत तो वाढलाच नाही. वर्षभरात बँडही फुटला, आणि मग 'शेवटी शेवटी केलेला' असा शिक्का त्याच्यावर कायमचा बसला.

तो कसा तयार झाला ते पाहा. आधीच्या अल्बमला बाहेरचा निर्माता होता. या वेळी चौघांनी ती जबाबदारी स्वतःकडे घेतली. 1995च्या नोव्हेंबरपासून पुढच्या फेब्रुवारीपर्यंत सिअ‍ॅटलमध्ये रेकॉर्डिंग चाललं. त्याच काळात, लेक वॉशिंग्टनच्या पलीकडे रेडमंडमध्ये, नुकतंच विंडोज 95 बाजारात आणलेली कंपनी जोरात होती. तुमच्यापैकी काहीजण तिथे दोन सूटकेसा घेऊन त्याच सुमारास उतरलेही असतील. तळ्याच्या दोन काठांवर दोन निराळी सिअ‍ॅटल होती, आणि आपली माणसं बहुतेक एकाच काठावर राहिली.

अल्बममध्ये सोळा गाणी आहेत. त्यातलं फक्त एक, 'नेव्हर द मशीन फॉरेव्हर', थायिलचं. शब्दही त्याचे, चालही त्याची. बेसवादक बेन शेपर्डनं सहा गाण्यांना संगीत दिलं, बाकी बरंचसं कॉर्नेलचं. आधीच्या अल्बमांमध्ये थायिलचा वाटा यापेक्षा मोठा होता. शिवाय गिटारच्या भिंती कमी झाल्या, अकूस्टिक गिटार आणि मँडोलिन पुढे आलं. संस्थापकाचाच आवाज त्याच्या बँडमध्ये कमी होत चालला होता. अशा वेळी माणूस काय करतो? अडून बसतो किंवा निघून जातो. थायिल वाजवत राहिला. इतरांच्या गाण्यांमागे तो लांबवलेले सूर, गुरगुरणारा फीडबॅक, अर्धवट सोडलेले तुकडे ठेवत जातो. पुढे येऊन सोलो वाजवण्यापेक्षा हे अवघड आहे. तबल्याच्या साथीला जाणकार का दाद देतात हे ज्यांना कळतं, त्यांना या अल्बममधला थायिल कळेल.

एक गंमत मुद्दाम सांगतो. 'प्रिटी नूज' आणि 'बर्डन इन माय हँड' या गाण्यांसाठी गिटारच्या सहा तारा सी-जी-सी-जी-जी-ई अशा लावल्या आहेत. सी हा षड्ज धरला तर ते होतं सा-प-सा-प-प-ग. तंबोऱ्याची आठवण येणारच! लगेच 'बघा, आपलं संगीत' असं म्हणायचा मोह होतो. तो आवरा. ही दोन्ही गाणी थायिलची नाहीत, कॉर्नेलची आहेत. थायिलच्या स्वतःच्या गाण्यात तंबोरा नाही, नऊ मात्रांचं अडखळवणारं आवर्तन आहे. भारतीय आडनावाच्या कलाकाराकडून आपण सतार-तबल्याची अपेक्षा धरतो, आणि त्यानं प्रत्यक्षात काय केलं ते ऐकायचं राहून जातं.

9 फेब्रुवारी 1997ला होनोलुलूच्या कार्यक्रमात बेसची यंत्रणा बिघडली, शेपर्ड चिडून मंचावरून निघून गेला. तो त्या काळातला शेवटचा कार्यक्रम ठरला. 9 एप्रिलला बँड संपल्याचं जाहीर झालं. 2010मध्ये चौघं पुन्हा एकत्र आले, 2012मध्ये 'किंग अ‍ॅनिमल' काढला. 2017च्या मे महिन्यात कॉर्नेल गेला आणि तो धागाही तुटला. 2025मध्ये बँडला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं, तेव्हाही आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर अभिनंदनाचे फारसे संदेश फिरले नसावेत.

ऐकायचा झाला तर पहिल्या गाण्यापासून सुरुवात करू नका. 'ब्लो अप द आउटसाइड वर्ल्ड'पासून करा. हळू सुरू होऊन ते कसं फुटतं ते पाहा. मग सहा मिनिटांचं संथ 'टायटर अँड टायटर', मग थायिलचं गाणं, आणि शेवटी छोटंसं 'बूट कॅम्प'. घरात कॉलेजला जाणारं कोणी असेल आणि 'मला संगीतातच काहीतरी करायचंय' असं म्हणत असेल, तर त्याला किंवा तिलाही शेजारी बसवा. पगाराचा विषय नंतर काढता येईल.